रीडायरेक्ट लिंकवर स्पॅमवाले बसलेत? मग कामं या क्रमानं करा

लिंक दिसते तुमच्या साइटची आणि क्लिक केलं की उघडतं भलतंच काहीतरी, नकली बँकेचं पान नाहीतर औषधांचं दुकान. याला ओपन रीडायरेक्ट म्हणतात: पुढं कुठं न्यायचं तो पत्ता लिंकमधेच लिहिलेला असतो आणि तो कुणीही बदलू शकतो. हे बंद करायला बसलेले बरेच जण सुरुवातच चुकीची करतात, लॉग (सर्व्हरकडं कुणी काय मागितलं याची नोंदवही) उघडतात, त्यात दिसणारे आयपी (क्लिक करणाऱ्यांचे इंटरनेट नंबर) ब्लॉक करतात आणि झालं म्हणून मोकळे होतात. अहो, ते आयपी स्पॅमवाल्याचे नसतातच! त्यानं लिंक ईमेलमधे टाकून वाटली, क्लिक करणारे ते बिचारे लोक आहेत, म्हणजे जे फसतायत त्यांनाच तुम्ही दार लावताय. स्पॅमवाला स्वतः एकदा येतो, लिंक चालते का बघतो आणि निघून जातो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाईट डोमेनची यादी करून ती अडवत बसणं. आज एक अडवलं की उद्या नवीन डोमेन येतं, ही शर्यत तुम्ही जिंकणार नाही. कुठं जायचं हे लिंकमधल्या मजकुरानं ठरता कामा नये, ते सर्व्हरनं ठरवायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरणातले पत्ते मी देवनागरीत लिहिलेत, कोडमधे ते अर्थात रोमनमधे असतील. तुमची साइट म्हणजे माझीसाइट.कॉम आणि स्पॅमवाल्याची चोर.कॉम असं धरून चला.

## हात लावायच्या आधी

या गोष्टी तयार ठेवा: सर्व्हरच्या कॉन्फिगचा आणि कोडचा बॅकअप, जितके जुने मिळतील तितके अ‍ॅक्सेस लॉग, आजपर्यंत पाठवलेल्या न्यूजलेटरच्या प्रती (का ते पायरी ५ मधे कळेल), आणि बदल आधी करून बघायला साइटची एक वेगळी कॉपी. न्यूजलेटरच्या प्रती लोक हमखास विसरतात आणि मग जुन्या ईमेलमधल्या सगळ्या लिंका एका दिवसात मरतात, फोन सुरू होतात, घाबरून जुना कोड परत चढवला जातो आणि भोकही परत उघडतं.

सावधान: साइटवर चालू गैरवापर असेल तर आधी रीडायरेक्ट करणारी स्क्रिप्ट तात्पुरती बंद करा किंवा तिच्या जागी ४०४ (पान सापडत नाही) द्या, मग शांतपणे खालचं काम करा. चार दिवस क्लिक मोजले गेले नाहीत तर काही बिघडत नाही.

## पायरी १: साइटवर रीडायरेक्ट कुठंकुठं आहेत ते शोधा

मी एका साइटवर गो नावाची स्क्रिप्ट दुरुस्त केली, तपासली, खूश झालो. तीन आठवड्यांनी परत तोच प्रकार, यावेळी भाषा बदलायच्या बटणातून. मराठी-इंग्रजी बदलल्यावर माणूस होता त्याच पानावर परत यावा म्हणून कुणीतरी तिथं परत जायचा पत्ता पॅरामीटरमधे (लिंकमधे प्रश्नचिन्हानंतर लिहितात ती किंमत) ठेवला होता आणि तो कुणाच्या डोक्यातच नव्हता, माझ्याही. त्यामुळं आधी यादी, मग दुरुस्ती.

बघायच्या जागा:

- लॉगिन झाल्यावर परत नेणारं नेक्स्ट, रिटर्न, कंटिन्यू, बॅक असलं पॅरामीटर. लॉगआउटलाही असतं, ते बघायचं राहून जातं.
- जाहिराती, अफिलिएट आणि न्यूजलेटरचे क्लिक मोजणाऱ्या लिंका.
- "तुम्ही आमच्या साइटबाहेर जात आहात" असं सांगणारं पान.
- भाषा, थीम, मोबाइल-डेस्कटॉप बदलणारी बटणं. कुकीची परवानगी मागणारी पट्टीसुद्धा.
- फॉर्म भरल्यावरचं थँक्यू पान, पेमेंटनंतर परत यायचा पत्ता.
- सिंगल साइन-ऑन, म्हणजे एका खात्यानं अनेक साइटवर लॉगिन. त्यासाठीच्या ओऑथ या पद्धतीतला रीडायरेक्ट यूआरआय आणि सॅमल या पद्धतीतला रिलेस्टेट, दोन्ही परत यायचे पत्ते.
- जुने प्लगिन. बंद करून ठेवलेल्या प्लगिनची फाइल सर्व्हरवर पडलेली असेल आणि पत्ता टाकून थेट उघडत असेल तर तीसुद्धा धरा.
- ब्राउझरमधे चालणारी जावास्क्रिप्ट, जी पत्त्यातला एखादा तुकडा उचलून विंडो.लोकेशनमधे (ब्राउझरनं कुठलं पान उघडायचं ते इथं ठरतं) टाकते.

कोडमधे शोधताना पॅरामीटरच्या नावानं शोधू नका, नावं कुणी कशीही ठेवतं. रीडायरेक्ट जिथून बाहेर पडतो तिथं शोधा: लोकेशन हेडर (सर्व्हरच्या उत्तरातली "आता इकडं जा" सांगणारी ओळ) कोण लावतंय, फ्रेमवर्कचं रीडायरेक्ट फंक्शन कुठंकुठं वापरलंय, मेटा रिफ्रेश (पानातूनच पुढं नेणारा एचटीएमएल टॅग) कुठं आहे, विंडो.लोकेशनला किंमत कुठं दिली जाते. मग तिथून उलटं मागं जात बघायचं की तो पत्ता येतो कुठून. बाहेरून येत असेल (पॅरामीटर, कुकी, हेडर, फॉर्मचं लपवलेलं फील्ड) तर यादीत टाका. हो, लपवलेलं फील्डसुद्धा बाहेरचंच, ते फक्त डोळ्याला दिसत नाही एवढंच.

तपासा: प्रत्येक नोंदीपुढं तीन गोष्टी लिहा, पत्ता कुठून येतो, साइटच्या आतच जायचं असतं की बाहेरही, आणि हे कोण वापरतं. "कोण वापरतं" ला उत्तर सापडत नसेल तर ती नोंद पायरी ३ मधे उडणार आहे.

## पायरी २: लॉगमधे खरं काय चाललंय ते बघा

अ‍ॅक्सेस लॉगमधून ज्यांचा स्टेटस (सर्व्हरच्या उत्तराचा नंबर) रीडायरेक्टचा, म्हणजे ३०१, ३०२, ३०३, ३०७ किंवा ३०८ आहे त्या ओळी काढा आणि त्यातल्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर एचटीटीपी, दोन स्लॅश किंवा त्यांचं एन्कोड केलेलं रूप, %२एफ, आहे का बघा. अशी एखादी ओळ सापडेल:

/गो?यूआरएल=%२एफ%२एफचोर.कॉम%२एफऑफर&आयडी=न्यूजलेटर → ३०२

ही नीट वाचा. यात एचटीटीपी शब्दच नाहीये, त्यामुळं "एचटीटीपीने सुरू होतं का" एवढंच बघणारा फिल्टर हिला सोडून देतो. %२एफ%२एफ उलगडलं की //चोर.कॉम होतं, आणि ब्राउझर दोन स्लॅशने सुरू होणारा पत्ता दुसऱ्याच डोमेनचा समजतो. शेवटचं आयडी=न्यूजलेटर हे सजावटीला, म्हणजे लिंक खरी वाटावी म्हणून खऱ्या लिंकवरून उचललेलं.

एक अडचण आहे. नेहमीच्या लॉगमधे मागितलेला पत्ता दिसतो, पण सर्व्हरनं माणसाला कुठं पाठवलं ते दिसत नाही. ते दिसायला हवं. तुमचं सर्व्हर सॉफ्टवेअर एनजिनएक्स असेल तर लॉगच्या फॉरमॅटमधे सेंट_एचटीटीपी_लोकेशन हे व्हेरिएबल टाका. अपाचीत लॉगफॉरमॅटमधे टक्का, मग महिरपी कंसात लोकेशन आणि त्यापुढं छोटा ओ. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांना उपयोगी पडतं, म्हणून हे आत्ताच करा, शेवटी नको.

सावधान: जावास्क्रिप्टमधला रीडायरेक्ट या लॉगमधे येत नाही. पत्त्यातला हॅशच्या पुढचा भाग तर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. लॉग स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

## पायरी ३: नको असलेले रीडायरेक्ट उडवा

ही पायरी लोक गाळतात कारण काहीतरी काढून टाकायचं म्हटलं की धाडस लागतं. पण यादीतल्या बऱ्याच गोष्टी नुसत्या सवयीनं राहिलेल्या असतात. प्रत्येकाला विचारा, साधी लिंक दिली तर काय अडेल?

बहुतेक वेळा उत्तर येतं, "क्लिक मोजायचेत". तुमच्याच पानावरचे क्लिक मोजायला रीडायरेक्ट लागत नाही, लिंक थेट द्या आणि क्लिक झाल्यावर जावास्क्रिप्टच्या सेंडबीकनने सर्व्हरला कळवा. रीडायरेक्ट खरंच लागतो तो ईमेलमधे, कारण तिथं स्क्रिप्ट चालत नाही.

दुसरं उत्तर असतं, "लोकांनी प्रोफाइलमधे टाकलेल्या लिंकांना आमच्या साइटचं वजन मिळू नये". त्यासाठी लिंकच्या रेल अ‍ॅट्रिब्यूटमधे नोफॉलो आणि यूजीसी लिहा, गूगलनं यूजीसी २०१९ मधे नेमकं याच कामासाठी आणलंय. उलट लोकांनी टाकलेले पत्ते तुमच्या रीडायरेक्टमधून फिरवले तर तुम्ही स्वतःच स्पॅमवाल्याला तुमच्या नावाची लिंक बनवून देता.

एकदा हे झालं की वीसची यादी सहा-सातवर येते, आणि तेवढीच नीट सांभाळता येते.

## पायरी ४: साइटच्या आत नेणारे रीडायरेक्ट

लॉगिननंतर परत नेणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पत्ता लिंकमधे ठेवायचाच नाही. माणूस लॉगिनच्या पानावर ढकलला जातानाच तो कुठून आला ते सर्व्हरच्या सेशनमधे (त्या माणसापुरती सर्व्हरवरची नोंद) लिहून ठेवायचं आणि लॉगिन झालं की तिथून वाचायचं. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कचं इंटेंडेड हेच करतं. फक्त सेशनमधे जे लिहिताय ते पॅरामीटरमधून उचललेलं नको, नाहीतर घाण तीच, फक्त कपाट बदललं.

सेशन जमत नसेल आणि पॅरामीटर ठेवावाच लागत असेल तर तपासणी लागते, आणि खरा घोळ इथंच होतो. मी बघितलेल्या चुका सांगतो.

"पत्त्यात माझीसाइट.कॉम आहे का" असं बघणं. चोर.कॉम/?माझीसाइट.कॉम पास होतं.

"माझीसाइट.कॉमने सुरू होतो का". माझीसाइट.कॉम.चोर.कॉम पास. आणि माझीसाइट.कॉम@चोर.कॉम पण पास, कारण @ च्या आधीचं सगळं ब्राउझर युजरनेम समजतो, खरं डोमेन @ च्या नंतर सुरू होतं.

"माझीसाइट.कॉमने संपतं का". स्पॅमवाला चोरमाझीसाइट.कॉम विकत घेतो. आधी टिंब असलंच पाहिजे ही अट राहून गेली.

"स्लॅशने सुरू होतं का, म्हणजे आतलंच असणार". //चोर.कॉम पण स्लॅशनेच सुरू होतं, ते आपण वर बघितलं. मग माणूस दोन स्लॅश अडवतो. मग येतो /\चोर.कॉम. वेब पत्त्यांमधे ब्राउझर उलटा स्लॅश हा सरळ स्लॅशच धरतात, त्यामुळं हे परत //चोर.कॉम होतं. तेही अडवलं तर मधे टॅब किंवा नवीन ओळीचं अक्षर घालून पाठवतात, ब्राउझर ती अक्षरं गपचूप काढून टाकतो आणि दोन्ही स्लॅश शेजारी येऊन बसतात.

दोनदा उलगडणं. तपासणी करताना %२५२एफ होतं, एकदा उलगडल्यावर %२एफ झालं, पुढं कुणीतरी परत उलगडलं आणि स्लॅश झाला. तपासलं एक, वापरलं दुसरंच.

शेवटची गोष्ट नियमच समजा: जी किंमत तपासली तीच, एका अक्षराचाही बदल न करता, लोकेशनमधे गेली पाहिजे.

मग करायचं कसं? क्रम असा ठेवा.

१. फ्रेमवर्कनं एकदा उलगडून दिलेली किंमत घ्या, स्वतः परत उलगडू नका.
२. त्यात उलटा स्लॅश, टॅब, नवी ओळ किंवा कुठलंही कंट्रोल अक्षर असेल तर दुरुस्त करत बसू नका, सरळ नाकारा. खऱ्या माणसाच्या लिंकमधे हे नसतंच.
३. एका स्लॅशने सुरू झालं पाहिजे आणि दुसरं अक्षर स्लॅश नको.
४. पुढं आपल्या साइटचं नाव स्वतः जोडा, म्हणजे https चा भाग आणि डोमेन कॉन्फिगमधून घ्यायचं आणि मागं फक्त पाथ आणि क्वेरी लावायची. डोमेन कधीच रिक्वेस्टच्या होस्ट हेडरमधून घेऊ नका, तो हेडरही बाहेरूनच येतो.
५. काहीही पटलं नाही तर ठरलेल्या पानावर न्या, डॅशबोर्ड किंवा होम. "चुकीचा पत्ता" असं सांगताना तो पत्ता पानावर क्लिक करता येईल असा छापू नका, असं केलेलंही पाहिलंय.

तयार गोष्टी असतील तर स्वतः लिहू नका. वर्डप्रेसमधे डब्ल्यूपी_रीडायरेक्ट नको, डब्ल्यूपी_सेफ_रीडायरेक्ट वापरा आणि त्याच्या लगेच खाली एक्झिट लिहा, कारण हेडर गेला तरी खालचा कोड चालतच राहतो. (पत्ता नाकारला की हे फंक्शन आपोआप अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर पाठवतं, त्यामुळं साधा वाचक लॉगिनच्या पानावर जाऊन पडतो, तो पर्यायी पत्ता बदलून घ्या.) जँगोत यूआरएल_हॅज_अलाउड_होस्ट_अँड_स्कीम आहे. रेल्स ७ पासून नवीन अ‍ॅपमधे बाहेरच्या होस्टवर रीडायरेक्ट केलं तर एरर येतो, आणि तो एरर घालवायला लोक अलाउ_अदर_होस्ट ट्रू करून टाकतात! कोडमधे हे शोधा, प्रत्येक ठिकाणी कारण मागा. डॉटनेट कोअरमधे लोकलरीडायरेक्ट आहे.

## पायरी ५: साइटबाहेर नेणारे रीडायरेक्ट

इथं तीन पर्याय आहेत आणि मी त्यांना याच क्रमानं पसंती देतो.

पहिला: नंबर. लिंकमधे पत्ता नाही, फक्त /गो/४१२ असं. ४१२ म्हणजे कुठलं पान ते डेटाबेसच्या टेबलात. नंबर ओळीनं आहेत की कसेही याला महत्त्व नाही, महत्त्व आहे टेबलात नवीन ओळ कोण घालू शकतं याला. फक्त तुमची माणसं घालू शकत असतील तर छान. कुणीही खातं उघडून घालू शकत असेल तर तुम्ही लिंक छोटी करायची सेवा उघडलीत, आणि तिच्यावर स्पॅमवाले येणारच.

दुसरा: सही. न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर आपोआप शेकडो लिंका बनवत असेल आणि टेबल नको असेल तर लिंकसोबत एचमॅक सही (गुप्त किल्ली वापरून काढलेला, दुसऱ्याला बनवता न येणारा कोड) लावा, एसएचए-२५६ वापरून. सही पत्ता, मुदत आणि उद्देश या तिन्हीवर मिळून करायची. उद्देश यासाठी, की जाहिरातीसाठी केलेली सही लॉगिनच्या रीडायरेक्टला चालू नये. क्लिक आला की सर्व्हर परत सही काढतो, जुळली तरच पुढं पाठवतो.

यातल्या चुका:

- गुप्त किल्लीशिवाय नुसता पत्त्याचा एमडी५ काढून त्याला सही म्हणणं. तो कुणीही काढू शकतो.
- सही लहान दिसावी म्हणून पहिली चार अक्षरं ठेवणं. मग अंदाज करत बसायला स्पॅमवाल्याला फार वेळ लागत नाही.
- जुळवणी साध्या दोन बरोबरच्या चिन्हांनी करणं. पीएचपीत हॅश_इक्वल्स आहे, बाकी भाषांतही सारख्या वेळात तुलना करणारं फंक्शन असतं, ते वापरा.
- किल्ली जावास्क्रिप्टमधे किंवा कोडच्या सार्वजनिक रेपोत.
- आणि सगळ्यात भारी, कुणीही पत्ता दिला की त्यावर सही करून देणारी एपीआय उघडी ठेवणं. म्हणजे कुलूप उत्तम, पण किल्ल्या बनवून देणारा दारातच बसलाय.

मुदत का हवी? तुम्ही ज्या साइटची लिंक दिली होती तिचं डोमेन उद्या संपतं, दुसराच कुणीतरी विकत घेतो, आणि तुमची सही असलेली लिंक त्याच्याकडं माणसं नेत राहते. पण मुदत फार कमी नको, लोक ईमेल महिन्यांनी उघडतात. मुदत संपलेल्या लिंकला एरर देऊ नका, पायरी ६ मधलं पान दाखवा.

आता ती न्यूजलेटरची प्रत काढा. जुन्या ईमेलमधल्या लिंकांवर सही नाहीये. प्रतींमधून सगळे बाहेरचे पत्ते गोळा करा, एका यादीत टाका, आणि सही नसलेली लिंक त्या यादीतल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळली तरच जाऊ द्या. वर्षभरानं ही यादी काढून टाकता येईल, कॅलेंडरमधे आत्ताच टाकून ठेवा.

तिसरा: परवानगीच्या डोमेनची यादी. दुसरं काहीच जमत नसेल तर. होस्ट (पत्त्यातलं डोमेनचं पूर्ण नाव) पूर्ण जुळला पाहिजे आणि फक्त https चालेल. यादीत लिंक छोटी करणाऱ्या सेवा टाकू नका, लोक आपापली पानं उघडू शकतात अशा मोठ्या होस्टिंगचं डोमेन टाकू नका, आणि "माझ्या सगळ्या सबडोमेनना परवानगी" असंही नको. कधीकाळी बंद केलेल्या सेवेकडं बोट दाखवणारं विसरलेलं सबडोमेन कुणी ताब्यात घेतलं तर तुमची यादीच त्याच्या कामी येते.

सावधान: होस्ट काढायला तुम्ही वापरताय तो पार्सर (पत्त्याचे तुकडे करणारा कोड) आणि ब्राउझर एकाच पत्त्याचा वेगळा अर्थ लावू शकतात. https://चोर.कॉम\@माझीसाइट.कॉम यात पीएचपीच्या पार्स_यूआरएलला होस्ट माझीसाइट.कॉम दिसतो आणि ब्राउझर जातो चोर.कॉमवर. म्हणून उलटा स्लॅश किंवा डोमेनच्या भागात @ दिसला की थेट नकार. बाहेरच्या खऱ्या लिंकमधे डोमेनच्या भागात @ लागायचं काहीच कारण नाही.

रेफरर (क्लिक कुठल्या पानावरून आला ते सांगणारा हेडर) तपासून काम भागेल का असं बरेच जण विचारतात. नाही भागत. ईमेलमधून आलेल्या क्लिकला तो बऱ्याचदा नसतोच, प्रायव्हसी सेटिंग असलेले ब्राउझर पाठवत नाहीत, म्हणजे खरे लोक अडकतात. जोडीला ठेवा हवं तर, पण त्याच्या भरवशावर नको.

## पायरी ६: मधलं पान

सही नाही, यादीत नाही, पण थेट नाकारणंही नको अशा लिंकांसाठी थांबवणारं पान ठेवा. त्यावर कुठं जातोय ते डोमेन मोठ्या अक्षरात, साधा मजकूर म्हणून, आणि पुढं जायचं बटण माणसानं स्वतः दाबायचं. पाच सेकंदांनी आपोआप पुढं नेणारं पान बनवू नका, तो नुसता हळू चालणारा ओपन रीडायरेक्ट झाला. डोमेनमधे दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरं असू शकतात, त्यामुळं ते प्युनीकोडमधे, म्हणजे xn-- ने सुरू होणाऱ्या साध्या रोमन रूपात, दाखवा. तुमचा लोगो या पानावर लहानच ठेवा, नाहीतर लोकांना वाटतं पुढचं पानही तुमचंच. आणि बटणामागं फक्त https आणि http चे पत्तेच येतील एवढं बघा.

## पायरी ७: कोडबाहेरच्या तीन जागा

सर्व्हर कॉन्फिग. अपाचीत जुन्या डोमेनवरून नव्यावर नेताना Redirect च्या ओळीत असं लिहिलेलं असतं: रीडायरेक्ट / https://माझीसाइट.कॉम. शेवटचा स्लॅश राहिलाय. आता जुन्या डोमेनवर कुणी /.चोर.कॉम मागितलं की सर्व्हर स्लॅश काढून उरलेलं चिकटवतो आणि तयार होतं माझीसाइट.कॉम.चोर.कॉम. एक अक्षर! स्लॅश घाला. तसंच पत्त्याच्या शेवटी आपोआप स्लॅश जोडणारा किंवा काढणारा कोड //चोर.कॉम सारखा पाथ मागितला तर काय करतो ते बघा, जँगोच्या कॉमनमिडलवेअरमधे २०१८ साली अगदी याच धर्तीची चूक निघाली होती आणि नवीन आवृत्त्या काढाव्या लागल्या.

जावास्क्रिप्ट. पत्त्यातून काही उचलून विंडो.लोकेशनमधे टाकत असाल तर आधी ब्राउझरच्याच यूआरएल ऑब्जेक्टनं तो वाचा आणि त्याचा ओरिजिन (https चा भाग, डोमेन आणि पोर्ट मिळून) तुमच्या ओरिजिनशी जुळतो का बघा. इथं गाफील राहिलात तर जावास्क्रिप्ट: ने सुरू होणारा पत्ता थेट तुमच्या पानात कोड चालवतो, आणि मग तो विषय स्पॅमच्या फार पुढं जातो.

ओऑथ. तुम्ही लॉगिनची सेवा देत असाल तर नोंदवलेला रीडायरेक्ट यूआरआय पूर्ण जुळला पाहिजे, सुरुवात जुळली म्हणून सोडायचं नाही. जानेवारी २०२५ मधल्या आरएफसी ९७०० या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात हेच सांगितलंय. आणि ज्या पानावर कोड किंवा टोकन येतं त्या पानावर ओपन रीडायरेक्ट असेल तर ते टोकनच बाहेर जाऊ शकतं, त्यामुळं यादीत ही पानं सगळ्यात वर ठेवा.

## पायरी ८: स्वतः तोडून बघा

चाचणीसाठी खरी वाईट साइट वापरू नका, एक्झाम्पल.कॉम हे डोमेन असल्याच उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे. प्रत्येक रीडायरेक्टला हे सगळे द्या:

१. https://एक्झाम्पल.कॉम
२. //एक्झाम्पल.कॉम
३. ///एक्झाम्पल.कॉम
४. /\एक्झाम्पल.कॉम आणि \\एक्झाम्पल.कॉम
५. /%०९/एक्झाम्पल.कॉम
६. https:एक्झाम्पल.कॉम (स्लॅशच नाहीत)
७. https://माझीसाइट.कॉम@एक्झाम्पल.कॉम
८. https://माझीसाइट.कॉम.एक्झाम्पल.कॉम
९. %२५२एफ%२५२एफएक्झाम्पल.कॉम
१०. जावास्क्रिप्ट: ने सुरू होणारं काहीही
११. तोच पॅरामीटर दोनदा, पहिला चांगला, दुसरा वाईट

अकरावा गमतीचा आहे. काही सिस्टिम पहिला वाचतात, काही शेवटचा, आणि तपासणारा एक आणि वापरणारा दुसरा असेल तर दार उघडं.

कर्लनं (कमांड लाइनवरून पत्ते मागायचं साधन) बघत असाल तर रीडायरेक्टच्या मागं जायचा पर्याय लावू नका, फक्त हेडर छापा आणि लोकेशनची ओळ डोळ्यांनी वाचा. आणि शेवटी दोन-तीन तरी ब्राउझरमधे करून बघा, कारण निर्णय शेवटी ब्राउझर घेतो.

सावधान: चाचणीच्या काळात ३०१ वापरू नका. ब्राउझर तो लक्षात ठेवतात, मग तुम्ही कोड दुरुस्त केला तरी तुमचा ब्राउझर जुन्याच ठिकाणी जातो आणि तासभर डोकं खाजवत बसता. ३०२ ठेवा.

तपासा: चांगल्या लिंका चालतात ना? क्वेरीत & असलेला पत्ता, देवनागरी अक्षरं असलेला पत्ता, हॅश असलेला पत्ता, तिन्ही करून बघा. सहीवाल्या लिंका नेमक्या इथं फुटतात, कारण ईमेलच्या टेम्प्लेटमधे & चं रूप बदललेलं असतं.

## पायरी ९: मागची घाण साफ करा

भोक बुजलं तरी स्पॅमवाल्याच्या लिंका सर्च इंजिनमधे आणि ईमेलमधे शिल्लक असतात. अशा लिंकांना ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) द्या, होमपेजवर नेऊ नका. सर्च इंजिनमधे साइट: लिहून पुढं तुमचं डोमेन आणि स्क्रिप्टचं नाव टाका, काय काय दिसतंय ते बघा. गूगलच्या सर्च कन्सोलमधे सुरक्षेच्या समस्या या भागात काही आलं असेल तर दुरुस्तीनंतर तिथूनच फेरतपासणी मागा. काढून टाकायची जी सोय तिथं आहे ती साधारण सहा महिने लिंक लपवते, तोवर ४१० नं आपलं काम केलेलं असतं.

रोबोट्स फाइलमधे (सर्च इंजिनांना कुठं जाऊ नका ते सांगणारी फाइल) स्क्रिप्ट अडवायची घाई करू नका. अडवली की सर्च इंजिनचा क्रॉलर तो पत्ता परत मागतच नाही, मग त्याला तुमचा ४१० दिसणार कसा? जुन्या लिंका निकालातून गेल्या की मग अडवा. (रोबोट्स फाइलनं ईमेलमधला स्पॅम थांबतो असंही कुणीतरी सांगेल, त्याचा काही संबंध नाही.)

## पायरी १०: नजर ठेवा

पायरी २ मधे लॉगमधे लोकेशन टाकलंय, आता त्याचा रोज एक छोटा रिपोर्ट काढा: काल रीडायरेक्ट कुठल्या कुठल्या डोमेनवर गेले आणि किती. साइट लहान असेल तर यादी दहा ओळींची पण नसते, नवीन नाव लगेच डोळ्यात भरतं. नाकारलेल्या लिंकांचा आकडा वेगळा ठेवा. तो अचानक वाढला तर कुणीतरी दार ढकलून बघतंय. आणि तो कायम शून्य असेल तर आनंद मानायच्या आधी नाकारल्याची नोंद खरंच होतेय का ते एक्झाम्पल.कॉमची एक लिंक मारून बघा, माझ्याकडं दोन महिने शून्य होता कारण लॉगच्या फाइलला लिहायची परवानगीच नव्हती.